वऱ्हाडातील निवृत्तिवेतन आणि त्याला जोडलेला विमा

21 मे 1853 रोजी हैदराबादचा निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या करारान्वये वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला जळगाव जामोदचा मुलूखही त्याबरोबर इंग्रजी अमलात आला. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा थकलेला खर्च भागवण्यासाठी निजामाला हा प्रांत तोडून द्यावा लागला, एवढे इतिहासाच्या सामान्य वाचकाला माहीत असते. परंतु त्याच करारात, वऱ्हाडच्या वसुलातून फौजेच्या पगाराखेरीज अप्पा देसाई यांच्या चौथाईची रक्कम, महिपतराम यांच्या कुटुंबाचा तनखा आणि काही मराठा निवृत्तिवेतनेही भागवली जावीत, अशी तरतूद होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. म्हणजे ज्या प्रदेशात पुढे निवृत्तिवेतनाच्या आधाराने विमा विकला जाणार होता, तो प्रदेशच अंशतः निवृत्तिवेतनाची हमी म्हणून परक्या सत्तेकडे गेला होता. त्या काळी निवृत्तिवेतन हे राज्यकर्त्याने मान्य केलेले देणे होते. ते घेणाऱ्याला कोणी काही विकत नव्हते, आणि म्हणून त्यात फसव्या विक्रीचा प्रश्न उद्भवण्यासारखे काही नव्हते.

खानदेशातील जळगावापासून वेगळे ओळखता यावे म्हणून जवळच्या जामोद गावाचे नाव जोडून ज्याला जळगाव जामोद म्हणतात, तो तालुका 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके बुलढाणा जिल्ह्याला जोडले गेले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. या हस्तांतरांचा निवृत्तिवेतनाशी थेट संबंध आहे, कारण राज्य पुनर्रचना अधिनियम 1956 च्या कलम 115 मधील सातव्या पोटकलमाने, नव्या राज्याकडे वर्ग झालेल्या नोकराच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या तोट्याच्या दिशेने बदलता येणार नाहीत, असे संरक्षण दिले होते. त्यामुळे या भागातील तलाठी, वनरक्षक, पोलीस शिपाई आणि कारकून जुन्या प्रांताचे हक्क बरोबर घेऊन नव्या राज्यात आले. तालुक्यात मोठे कारखाने नाहीत. कापूस, सोयाबीन आणि संत्र्या-केळीच्या बागा यांवर बहुतेकांची गुजराण होते, आणि दरमहा ठरलेली रक्कम हाती पडणारा वर्ग मुख्यतः शासकीय नोकर, जिल्हा परिषदेचे शिक्षक, डाक खाते आणि एसटीचे आगार यांतूनच तयार झाला. विमा विकणाऱ्याच्या दृष्टीने हाच वर्ग सर्वांत मोलाचा होता; कारण शेतकऱ्याचे उत्पन्न पावसावर हेलकावे खाते, तर निवृत्ताचे पहिल्या तारखेला ठरलेले असते.

नोकरदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकामुलांचे काय, या प्रश्नाला निवृत्तिवेतनाने पूर्वी उत्तर दिले नव्हते. नोकर जगला तर त्याला पेन्शन, मेला तर कुटुंबाला बहुधा काही नाही, अशी स्थिती असताना 1 फेब्रुवारी 1884 रोजी डाक खात्याने आपल्या नोकरांसाठी टपाल जीवन विमा सुरू केला. पुढे तो तारखात्याच्या नोकरांना आणि क्रमाने इतर शासकीय नोकरांना खुला झाला. हप्ता पगारातून वजा होई, विमा देणारे खाते सरकारचेच असे, आणि मध्ये कमिशन घेणारा मध्यस्थ नसे. म्हणून निवृत्तिवेतनाच्या पोकळीत बसवलेला हा पहिला विमा विश्वासाचा ठरला. खासगी बाजारात मात्र हिंदी माणसाच्या आयुष्याला युरोपियनांपेक्षा जास्त जोखमीचे मानून जादा हप्ता घेण्याची रीत होती. ती मोडून हिंदी लोकांना सर्वसाधारण दराने विमा देणारी बॉम्बे म्युच्युअल ही संस्था मुंबईत 1870 च्या सुमारास निघाली, आणि स्वदेशीच्या वाऱ्यात साताऱ्यासारख्या गावीही 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी उभी राहिली.

याच काळात विमाविक्रीतील पहिली मोठी दिशाभूल देशात घडत होती, आणि ती लहान पगाराच्या लोकांना उद्देशूनच होती. प्रॉव्हिडंट सोसायटी या नावाने निघालेल्या अनेक संस्था मृत्यू, लग्न किंवा मूल जन्मणे अशा प्रसंगी रक्कम देण्याचे आश्वासन देत. परंतु ती रक्कम किती हे आधी ठरलेले नसे, त्या वर्षी जमलेली वर्गणी त्या वर्षीच्या दावेदारांत वाटून दिली जाई. आरंभी सभासद पुष्कळ आणि दावे थोडे असल्याने वाटा भरघोस दिसे, त्याची जाहिरात होई, आणि दावे वाढले की मागून आलेल्यांच्या हाती चणेफुटाणे उरत. 1912 च्या कायद्याने या संस्थांना नोंदणीच्या चौकटीत आणले, आणि 1938 च्या विमा अधिनियमाच्या कलम 52 ने असा ‘वाटणीचा’ धंदाच बंद केला. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की कायद्याने येथे एकेका फसलेल्या माणसाला भरपाई दिली नाही. विक्रीचा प्रकारच निषिद्ध ठरवला.

स्वातंत्र्योत्तर काळात निवृत्तिवेतनाची पोकळी सरकारने स्वतःच भरावयास घेतली. 1 जानेवारी 1964 पासून केंद्र सरकारने कुटुंब निवृत्तिवेतनाची नवी योजना आणली आणि त्याच धर्तीची 1964 ची योजना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मध्येही समाविष्ट आहे. केंद्राच्या योजनेत आरंभी एक अट होती: या लाभासाठी नोकराने आपल्या उपदानातून, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या ठोक रकमेतून, दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम सोडून द्यावयाची. नाव काहीही असो, तो विम्याचा हप्ताच होता. 1977 मध्ये ही अट उठली. परंतु ज्यांनी पूर्वी पर्याय दिला नव्हता किंवा रक्कम सोडली नव्हती त्यांच्या विधवा लाभाबाहेर राहिल्या, आणि 1985 मध्ये पूनामल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न येऊन त्यांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला झाला. निवृत्तिवेतनाला चिकटलेल्या विमासदृश लाभाबाबत पर्यायाचा कागद कोणापुढे, केव्हा आणि किती समजावून ठेवला गेला, यावर विधवेचे आयुष्य अवलंबून असते, हे त्या वादातून प्रथम ठळकपणे पुढे आले. त्याआधी 17 डिसेंबर 1982 रोजी नाकारा खटल्याच्या निकालाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नसून सेवेतून कमावलेला हक्क आहे, हे तत्त्व पक्के केले होते.

गिरणी, जिनिंग, एसटी, सूतगिरणी, सहकारी संस्था यांतील कामगारांसाठी वेगळी मालिका उभी राहिली. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत 1971 मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजना घालण्यात आली. ती खरे पाहता निवृत्तिवेतनापेक्षा मृत्युविम्याच्या जवळची होती, कारण सभासद नोकरीत मेला तरच कुटुंबाला मासिक रक्कम मिळे, आणि जुन्या सभासदांना तीत सामील होण्या-न होण्याचा पर्याय होता. 1 ऑगस्ट 1976 पासून ठेव-संलग्न विमा योजना आली. तिच्यात कामगाराच्या पगारातून छदामही कापला जात नाही, मालक वेतनाच्या अर्धा टक्का भरतो, आणि सभासद नोकरीत असताना वारला तर वारसाला ठोक रक्कम मिळते, जिची कमाल मर्यादा 2021 पासून 7 लाख रुपये आहे. शासकीय नोकरांसाठी महाराष्ट्राने 1 मे 1982 पासून गटविमा योजना लागू केली. तिच्या वर्गणीचा एक भाग विमा निधीत आणि उरलेला बचत निधीत जातो. निवृत्तीच्या दिवशी बचतीचा भाग व्याजासह परत मिळतो, विम्याचा भाग परत मिळत नाही. ‘एवढी वर्षे कापले आणि हातावर एवढेच ठेवले’ अशी तक्रार गटविम्याबद्दल ऐकू येते. परंतु परत न आलेला भाग ही त्या सर्व वर्षांत कुटुंबाच्या डोक्यावर धरलेल्या छत्राची किंमत होती, आणि मृत्यू न आल्यामुळे छत्र उघडावे लागले नाही, यावरून ते विकताना फसवले असे ठरत नाही.

16 नोव्हेंबर 1995 पासून 1971 च्या योजनेची जागा कर्मचारी पेन्शन योजनेने (ईपीएस-95) घेतली आणि मालकाच्या वाट्यातील 8.33 टक्के तिकडे वळते झाले. योजनेची वैधता सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ओटिस एलेव्हेटर कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात मान्य केली. 1 सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन दरमहा 1,000 रुपये ठरली, आणि ती 7,500 रुपये व महागाई भत्ता अशी व्हावी या मागणीसाठी या पेन्शनधारकांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली 24 डिसेंबर 2018 पासून बुलढाण्यात साखळी उपोषण आरंभले. बुलढाणा हे अशा रीतीने ईपीएस-95 च्या देशव्यापी आंदोलनाचे केंद्र झाले, ही या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. आंदोलनाची भाषा न्यायाची आहे, विक्रीची नव्हे, आणि ते योग्यच आहे. ज्या कामगाराला नोकरीबरोबर योजनाही लागू झाली, त्याला ती कोणी विकली नाही. विक्री नाही तेथे फसवी विक्री नाही. त्याचे गाऱ्हाणे योजनेच्या घडणीविरुद्ध आहे, आणि त्याला उत्तर संसदेने किंवा सरकारने द्यावयाचे आहे.

तथापि विक्री नसली म्हणजे दाद नाही, असा याचा अर्थ नाही. 14 डिसेंबर 1999 रोजी शिवकुमार जोशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भविष्य निर्वाह निधीचा सभासद हा ग्राहक आणि निधीचे कार्यालय हे सेवा देणारे, असा निर्णय दिला, त्यामुळे ठेव-संलग्न विम्याचा दावा अडकवून ठेवला किंवा पेन्शनचा हिशेब चुकवला तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. उलट 2013 मध्ये जगमित्तर सैन भगत प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की शासकीय नोकर आपल्या निवृत्तिलाभांच्या वादासाठी ग्राहक या नात्याने उभा राहू शकत नाही. त्याचा मार्ग प्रशासकीय न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय हा आहे. परिणाम असा की जळगाव जामोद आगारातून निवृत्त झालेला वाहक आणि शेजारच्याच तहसील कचेरीतून निवृत्त झालेला अव्वल कारकून यांचे गाऱ्हाणे सारखे असले तरी त्यांना दारे वेगवेगळी ठोठावावी लागतात. ही विषमता तर्काने समजते. न्यायबुद्धीला मात्र ती पटणे कठीण आहे.

जेथे विक्री खरोखर होते, तेथे पहिला प्रश्न विकणारा कोण हा. आयुर्विमा महामंडळ 1 सप्टेंबर 1956 रोजी अस्तित्वात आले; त्याआधी 19 जानेवारी 1956 च्या वटहुकुमाने 245 खासगी संस्थांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला होता, आणि तेव्हा अर्थखाते चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते. महामंडळाने पगार बचत योजना आणली, तिच्यात मालक पगारातून हप्ता कापून महामंडळाकडे पाठवी. मालकाने कापला पण पाठवला नाही आणि नोकर वारला, तर जबाबदारी कोणाची? 1999 मध्ये बसंतीदेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की या योजनेत मालक महामंडळाच्या वतीने वागतो, त्यामुळे विधवेला पैसे देण्यास महामंडळ बांधील आहे. त्याआधी दोनच वर्षे, 1997 मध्ये, हर्षद शाह प्रकरणात एजंटाच्या हाती दिलेला हप्ता महामंडळाला पोचला असे धरता येणार नाही, कारण हप्ता स्वीकारण्याचा अधिकार एजंटाला दिलेला नव्हता, असा निकाल आला होता. गावात ज्याला ‘एलआयसीवाला’ म्हणतात तो कायद्याच्या दृष्टीने किती ‘एलआयसी’ आणि किती ‘वाला’, हे या दोन निकालांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेवर ठरते.

एजंट काय विकतो, हे त्याला त्यातून काय मिळते यावरही ठरते, आणि हा भाग विमाविषयक मराठी लेखनात पुरेसा मांडला गेलेला नाही. 1938 च्या अधिनियमात 1950 मध्ये घातलेल्या कलम 40क ने कमिशनच्या मर्यादा आखल्या. एकरकमी पैसे घेऊन वार्षिकी दिली, म्हणजे आयुष्यभर ठरावीक मुदतीने रक्कम देण्याचा करार केला, तर कमिशन 2 टक्के. हप्त्याहप्त्याने पैसे भरून पुढे सुरू होणारी वार्षिकी असेल तर पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर साडेसात टक्के. आणि इतर सर्व आयुर्विम्यावर पहिल्या वर्षी 35 टक्क्यांपर्यंत. हेतू चांगला होता: म्हातारपणाच्या पैशातून मध्यस्थाने थोडे घ्यावे. घडले उलटे. 58 व्या वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या हाती उपदान आणि अंशराशीकरणाची रक्कम, म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ विकून आलेले पैसे, एकदम पडतात. त्यातून निव्वळ वार्षिकी विकली तर एजंटाच्या पदरी एका लाखामागे दोन हजार, आणि दरवर्षी लाखाच्या हप्त्याचा दीर्घ मुदतीचा विमा विकला तर पहिल्याच वर्षी पस्तीस हजारांपर्यंत. वृद्धाला विम्याच्या संरक्षणाची गरज घटत जाते, विकणाऱ्याची विम्याची गरज तेथेच वाढते. 2015 च्या दुरुस्तीने या मर्यादा अधिनियमातून काढून विमा नियामकाच्या विनियमांकडे सोपवल्या. परंतु दरांतील या दरीने पन्नास-साठ वर्षे जो बाजार घडवला, त्याचा स्वभाव एका दुरुस्तीने बदलणारा नव्हता.

विमा क्षेत्रातील सुधारणांसाठी नेमलेल्या मल्होत्रा समितीच्या शिफारशींनंतर 1999 चा विमा नियामक प्राधिकरण अधिनियम आला, 2000 मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले, आणि बँकांनाही विम्याची दलाली करण्याची मुभा मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी हा बदल खोलवर पोचला. पूर्वी विमा विकणारा घरी येई, त्याला ‘विचार करून सांगतो’ म्हणता येई; आता ज्या खात्यात पेन्शन जमा होते, हयातीचा दाखला जेथे द्यावयाचा असतो, त्याच शाखेच्या टेबलावर विमा आला. निवृत्ताने मुदत ठेव ठेवावयास जावे आणि ‘ठेवीसारखेच, व्याज जास्त, शिवाय विमा फुकट’ अशा शब्दांत त्याला दरसाल हप्त्याची पॉलिसी मिळावी, हा प्रकार देशभर इतका सर्वत्र झाला की फसव्या विक्रीची चर्चा मुख्यतः याच व्यवहाराभोवती फिरू लागली. युनिटशी निगडित विम्यात, ज्याला सर्वजण युलिप म्हणतात, पहिल्या वर्षांचे आकार इतके जड होते की तिसऱ्या वर्षी पैसे काढणाऱ्याच्या हाती मुद्दलही पुरते येत नसे. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांच्या 2013 च्या अभ्यासाने 2004-05 ते 2011-12 या काळात खंडित पॉलिसींमुळे ग्राहकांचे नुकसान दीड लाख कोटी रुपयांच्या घरात असल्याचा अंदाज मांडला. एप्रिल 2010 मध्ये शेअर बाजाराचा नियामक सेबी आणि विमा नियामक यांच्यात युलिप कोणाच्या अधिकारात यावरून जुंपली, सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि 1 सप्टेंबर 2010 पासून पाच वर्षांचे बंधन, आकारांवर मर्यादा आणि युलिप-पेन्शनसाठी साडेचार टक्के किमान परताव्याची हमी असे नियम आले.

फसवी विक्री सिद्ध करावयाची म्हणजे शेवटी एका कागदापाशी यावे लागते, आणि तो कागद जवळून पाहण्यासारखा असतो. विमा प्रस्ताव बहुधा इंग्रजीत छापलेला. नाव, जन्मतारीख, उत्पन्न, व्यवसाय हे रकाने विकणाऱ्याच्याच अक्षरात भरलेले, ‘व्यवसाय’ या रकान्यात निवृत्त माणसाचाही कधी ‘व्यापार’ झालेला. आणि शेवटी एक निवेदन की अर्जदाराला ज्या भाषेत अर्ज आहे ती येत नसल्यास मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे. या निवेदनाखाली मराठी सही असते. म्हणजे आपल्याला इंग्रजी येत नाही हे सांगणारी सहीच, आपल्याला सर्व समजले याचा पुरावा ठरते. अर्जाला लाभदर्शक तक्ता जोडलेला असतो. त्यात पूर्वी 6 आणि 10, आणि नंतर 4 आणि 8 टक्के अशा दोन गृहीत दरांनी रकमा मांडलेल्या असतात, आणि तळाशी दोन्ही दर केवळ उदाहरणादाखल असल्याचे बारीक अक्षरात छापलेले असते. टेबलापलीकडून बोट ठेवले जाते ते मोठ्या रकमेच्या रकान्यावर. त्या बोटाची नोंद कोठेही होत नाही.

अशा कागदाविरुद्ध दाद मागण्याची साधने एकेक करून, आणि नेहमी बाजाराच्या मागून, आली. भारतीय करार अधिनियम 1872 ची कलमे 17 ते 19 कपटाने किंवा अपवेदनाने, म्हणजे खोट्या समजुतीने, घेतलेली संमती रद्द करण्याचा हक्क देतात. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागे. विमा अधिनियमाच्या कलम 45 ने ठरावीक वर्षांनंतर (पूर्वी दोन, 2015 पासून तीन) अर्जातील चुकीवरून पॉलिसी मोडण्यास कंपनीला मज्जाव केला. हे संरक्षण मोठे आहे, परंतु ते ग्राहकाच्या खोटेपणाच्या आरोपापासून आहे, विकणाऱ्याच्या खोटेपणापासून नाही. 1986 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने जिल्ह्यातच मंच आणला. विमा नियामकाच्या 2002 च्या विनियमांनी ‘फ्री लूक’, म्हणजे पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ती परत करण्याची मुदत, 15 दिवसांची ठेवली. 2024 पासून ती 30 दिवसांची आहे. या मुदतीत कारण सिद्ध करावे लागत नाही, किरकोळ वजावट होऊन पैसे परत येतात, आणि म्हणूनच दस्तऐवज उशिरा पोचणे किंवा शाखेतच पडून राहणे ही बाब तक्रारीत महत्त्वाची ठरते.

विमा लोकपाल 1998 च्या नियमांनी निर्माण झाला. पण त्या नियमांत तक्रारीचे जे प्रकार मोजले होते ते दावा नाकारणे, हप्त्याचा वाद, विलंब, दस्तऐवज न देणे असे होते, विक्रीच्या वेळची दिशाभूल त्यांत स्वतंत्रपणे नव्हती. 2017 च्या नियमांनी पॉलिसीच्या अटींचे चुकीचे चित्रण हे तक्रारीचे कारण म्हणून स्पष्ट नोंदवले. युलिपचा पूर ओसरून सात वर्षे झाल्यावर हे घडले. बुलढाणा जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी लागते. तिने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर त्यापासून वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील चालत नाही, आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांची मुदत असते, आणि 2019 च्या अधिनियमामुळे, जो 20 जुलै 2020 पासून अमलात आला, तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बुलढाण्यालाच, तक्रार करता येते. फक्त कराराच्या अटीच अन्यायकारक आहेत असे म्हणावयाचे असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. 2013 मध्ये राष्ट्रीय आयोगाने एका प्रकरणात युलिपमधील गुंतवणूक सट्ट्याच्या स्वरूपाची, म्हणून तक्रारदार ग्राहक नव्हे, असे म्हटले, आणि कंपन्यांच्या बचावात तो निर्णय वारंवार दिसू लागला. ज्याला ठेव म्हणून विकले गेले, त्यालाच पुढे सट्टेबाज ठरवणारा हा युक्तिवाद विमा-कायद्याच्या इतिहासातील फारसा अभिमानास्पद भाग नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. 1988 पासून तेथे व्यक्तिगत पेन्शनला मोकळीक मिळाली तेव्हा शिक्षक, परिचारिका, खाणकामगार अशा हजारो लोकांना मालकाची चांगली पेन्शन सोडून कंपन्यांच्या योजनांत जाण्यास विक्रेत्यांनी प्रवृत्त केले. 1994 पासून नियामकाने कंपन्यांनाच आपली जुनी प्रकरणे उघडून तपासण्यास भाग पाडले, आणि काही वर्षांत सुमारे 11.8 अब्ज पौंडांची भरपाई झाली. ग्राहकाने तक्रार केली की नाही याची वाट पाहिली गेली नाही. भारतात अशी सामूहिक उलटतपासणी झालेली नाही. येथे प्रत्येकाने आपापला कागद घेऊन आपापल्या मुदतीत यावयाचे.

त्यातही ज्याच्याकडे कागदच नाही अशा निवृत्तिवेतनधारकांचा एक मोठा वर्ग या तालुक्यात आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांची रक्कम, 2023 मध्ये दरमहा 1,500 रुपये ठरलेली, बँक खात्यात जमा होते. सातपुड्यातील आदिवासी पाड्यांवरील वृद्धांचा त्यांत समावेश आहे. 9 मे 2015 रोजी सुरू झालेल्या जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता, जो 1 जून 2022 पासून वर्षाला 436 रुपये आहे, खात्यातून आपोआप वजा होतो. या योजनेत शिरण्याचे वय 18 ते 50 आणि संरक्षण 55 पर्यंतच. श्रावणबाळचा लाभ मात्र 65 च्या पुढील वृद्धांना. तेव्हा श्रावणबाळच्या खात्यातून हा हप्ता गेला असेल, तर महिन्याच्या अनुदानाचा पाव हिश्श्याहून अधिक भाग अशा विम्यापोटी गेला जो त्या माणसाला मुळात मिळूच शकत नाही. येथे फसव्या विक्रीचा अवघड युक्तिवाद करण्याची गरज नसते. संमतीवाचून किंवा पात्रतेवाचून झालेली वजावट म्हणून ती रक्कम बँकेकडे मागता येते, आणि बँकेने ऐकले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

पुढचा टप्पा वार्षिकीचा आहे. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्या राज्य शासकीय आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू झाली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मिसळली. मार्च 2023 मधील राज्यव्यापी संप जुन्या पेन्शनसाठीच होता, आणि त्यानंतर शासनाने हमी असलेल्या पर्यायांची घोषणा केली. परंतु जो राष्ट्रीय योजनेच्या मूळ वाटेने जाईल, त्या शासकीय नोकराला निवृत्तीच्या दिवशी जमा निधीच्या किमान 40 टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावीच लागते. खरेदी सक्तीची, पण कंपनी आणि प्रकार निवडण्याचे स्वातंत्र्य खरेदीदाराचे: खरेदीमूल्य वारसाला परत मिळणारी वार्षिकी दरमहा कमी देते, परत न मिळणारी जास्त देते, आणि पती किंवा पत्नीला पुढे चालू राहणारी त्यांच्या मधे कोठेतरी. जास्त मासिक रक्कम पाहून दुसरा प्रकार घेतला आणि माणूस दुसऱ्याच वर्षी वारला, तर वारसाला काहीही येत नाही, आणि फ्री लूकची मुदत उलटल्यावर प्रकार बदलता येत नाही. 1964 च्या पर्यायपत्रावर जो वाद उभा राहिला होता, त्याच स्वरूपाचा वाद येथे संभवतो, फरक एवढाच की आता समोर सरकार नसून विमा कंपनी आहे, व्यवहार निश्चितपणे विक्रीचा आहे, आणि 2017 च्या नियमांतील अटींच्या चुकीच्या चित्रणाचे कलम त्याला लागू पडते. 2005 नंतर पंचविशीत रुजू झालेले शिक्षक 2038 च्या आसपास निवृत्त होऊ लागतील.